हळद पुडीतील लेड क्रोमेट लिब्स तंत्राने ओळखणे : भुकटीच्या नमुन्यांबाबत मार्गदर्शन हवे आहे

हरिद्रा (धागाकर्ती)

नमस्कार. मी सांगली परिसरातील एका लहान अन्नतपासणी प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे हळद पुडीचे नमुने सातत्याने येतात, आणि पुडीचा पिवळा रंग खुलवण्यासाठी तिच्यात लेड क्रोमेट (शिसे आणि क्रोमियम असलेले पिवळे रंगद्रव्य) मिसळले आहे का, हा बहुतेक ग्राहकांचा मुख्य प्रश्न असतो. सध्या आम्ही पुडीची राख करून ती सौम्य सल्फ्युरिक आम्लात विरघळवतो आणि डायफिनाइल कार्बाझाइडने गुलाबी रंग येतो का ते पाहतो. शिशाचे नेमके प्रमाण हवे असल्यास नमुना आयसीपी-एमएस यंत्र असलेल्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. त्यात वेळ जातो, आणि लहान व्यापाऱ्याला तो खर्च परवडत नाही.

जवळच्या एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात लेझर इंड्यूस्ड ब्रेकडाउन स्पेक्ट्रोस्कोपीची, म्हणजे लिब्सची मांडणी आहे. यात लेझरने नमुन्याचा ठिपका तापवून निघणाऱ्या प्रकाशावरून मूलद्रव्ये ओळखतात. तेथे १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर आणि २०० ते ८५० नॅनोमीटर पल्ल्याचा वर्णपटमापक आहे. त्या विभागाच्या परवानगीने आम्ही वाटीत सुटी पूड ठेवून प्राथमिक चाचण्या घेतल्या. लेझरच्या प्रत्येक स्पंदाबरोबर (क्षणिक झोताबरोबर) पूड उडते, भिंगावर थर बसतो आणि एकाच नमुन्यात वर्णपटातील शिशाच्या रेषेची तीव्रता एका स्पंदापासून दुसऱ्या स्पंदापर्यंत कित्येक पटींनी बदलते. भुकटी कशी तयार करावी, कोणत्या रेषा पाहाव्यात आणि या पद्धतीच्या निकालावर किती विसंबावे, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

प्रकाशरेषा

आपण जे पाहिले त्यामागचे भौतिकशास्त्र आधी मांडतो, कारण उपाय त्यातूनच निघतात.

समजा, ५० मिलिज्यूल ऊर्जेचा आणि ६ नॅनोसेकंदांचा स्पंद २०० मायक्रोमीटर व्यासाच्या ठिपक्यावर एकवटला. तेथे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २६ गिगावॉट इतकी शक्तिघनता मिळते. घन पृष्ठभागावर प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) पेटण्यासाठी ढोबळमानाने १ गिगावॉट पुरतो, त्यामुळे येथे पदार्थाचा अत्यंत लहान अंश तत्काळ वाफ होऊन दहा हजार केल्विनच्या आसपासच्या प्लाझ्मात रूपांतरित होतो. पहिल्या काही शे नॅनोसेकंदांत मुक्त इलेक्ट्रॉनांमुळे अखंड, पांढरट पार्श्वभूमी एवढी तीव्र असते की तिच्यात रेषा दिसतच नाहीत. म्हणून साधारण १ मायक्रोसेकंद थांबून मग नोंद सुरू करावी लागते. प्लाझ्मा निवत जातो तशा अणूंच्या आणि आयनांच्या स्वतंत्र रेषा वर येतात, आणि कोणते मूलद्रव्य आहे हे त्यांच्या तरंगलांबीवरून कळते.

धातूच्या पत्र्यावर हे सगळे बऱ्यापैकी एकसारखे घडते. सुट्या भुकटीत मात्र प्लाझ्माबरोबर निघणारी आघातलहर आजूबाजूचे कण उडवते. एका स्पंदाने खळगा पडला की पुढच्या स्पंदासाठी भिंगापासून पृष्ठभागाचे अंतर बदललेले असते. त्यातच, लेझर सेकंदाला १० स्पंद या वेगाने चालवला तर आधीच्या स्पंदाने उडवलेली धूळ खाली बसण्यापूर्वीच पुढचा स्पंद येतो, धुळीच्या कणांवर हवेतच प्लाझ्मा पेटतो आणि पृष्ठभागापर्यंत पोहोचणारी ऊर्जा घटते. आपल्याला दिसलेली कित्येक पटींची चढउतार शिशाच्या प्रमाणातली असेलच असे नाही. तिचा मोठा भाग प्लाझ्माच्या चढउताराचा असण्याची शक्यता अधिक आहे. त्याच स्पंदांत कार्बनच्या २४७.८६ नॅनोमीटर रेषेची तीव्रताही तशीच वरखाली होते का, हे पाहिले तर त्याचा उलगडा होईल.

सुट्या पुडीवरच काम करणे भाग असेल तर स्पंदांचा वेग सेकंदाला १ इतका कमी ठेवावा, नमुन्याची वाटी फिरती ठेवावी, बाजूने हलके शोषण द्यावे आणि लांब नाभीअंतराचे भिंग वापरून ते नमुन्यापासून दूर ठेवावे. माझे मत विचाराल तर पुडीची दाबून चकती करणारी प्रेस मिळत असेल तर सुट्या पुडीवर वेळ घालवू नये.

चाळणी२००

प्रकाशरेषा यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. पुडीची दाबून चकती करावी. तेथवर पोहोचण्याआधीच्या पायऱ्यांकडे मात्र दुर्लक्ष होते आणि बहुतेक चुका तेथेच होतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पोत्यातून किंवा बरणीतून वरवरची पूड घेऊ नका. लेड क्रोमेटची घनता पाण्याच्या सहा पटींहून थोडी अधिक आहे, तर हळदीचे कण त्या मानाने फारच हलके असतात. वाहतुकीत हादरे बसले की जड आणि बारीक रंगद्रव्य खाली सरकते. नमुना स्वच्छ कागदावर ओतून शंकूसारखा ढीग करावा, तो सपाट करून त्याचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग घेऊन पुन्हा ढीग करावा, आणि हवे तेवढे वजन उरेपर्यंत हे करत राहावे. ही जुनी चौथाईची पद्धत खते आणि खनिजे तपासणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली असते. अन्नाच्या प्रयोगशाळांत ती कमी दिसते.

त्यानंतर पूड वाळवावी. १०५ अंशांवर हळदीतील बाष्पनशील तेलही उडते आणि वजनाचा हिशेब बिघडतो, म्हणून ६० अंशांच्या आसपास वजन स्थिर होईपर्यंत ठेवावे. ओलाव्याने चकतीला भेगा पडतात, शिवाय प्लाझ्माची ऊर्जा पाणी उडवण्यात खर्च होते.

मग दळणे. ७५ मायक्रोमीटर म्हणजे २०० मेशच्या चाळणीतून पूड गेली पाहिजे, असे सर्वत्र लिहिलेले असते. ते बरोबरच आहे, पण चाळणीवर उरलेला चोथा टाकून देणे ही गंभीर चूक ठरते. हळदीचे तंतुमय कण वर राहतात आणि रंगद्रव्य सहज खाली जाते, त्यामुळे चोथा टाकला की खालच्या पुडीत शिशाचे प्रमाण कृत्रिमरीत्या वाढते. उरलेला भाग पुन्हा दळून, सगळाच्या सगळा चाळणीतून जाईपर्यंत काम करावे आणि शेवटी सर्व पूड एकत्र घोळावी. दळण्याचे भांडे कशाचे आहे याची नोंद ठेवावी. पोलादी भांड्यातून लोखंड आणि क्रोमियम येते, टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यातून टंगस्टन आणि कोबाल्ट येते, अगेटच्या खलातून थोडे सिलिकॉन येते. आपल्याला क्रोमियमच मोजायचे आहे, तेव्हा शेवटचे दळण अगेटच्या खलातच करावे.

चकतीसाठी १३ मिलिमीटर व्यासाचा साचा, सुमारे अर्धा ग्रॅम पूड आणि ५ ते ८ टनांचा दाब पुरेसा होतो. हळदीत स्टार्च भरपूर असतो, त्यामुळे ती बंधक न घालताही चांगली धरते. दाब फार वाढवला तर तेल पृष्ठभागावर येते आणि साच्याला चिकटते. दाब किती असावा यापेक्षा तो प्रत्येक चकतीला तेवढाच आणि तेवढाच वेळ असावा, याला जास्त महत्त्व आहे. दाब सावकाश सोडावा, नाहीतर आत अडकलेली हवा चकतीचा वरचा थर उचलते.

मृदगंध

उत्तम चर्चा सुरू आहे. माझा प्रश्न मातीचा आहे, पण नमुना भुकटीचाच असल्याने येथेच विचारतो. आमच्या माती परीक्षण केंद्रात जस्त, लोह, तांबे आणि मँगेनीज यांसाठी डीटीपीए (धातूंना बांधून घेणारे रसायन) द्रावणाने निष्कर्षण करून अणुशोषण यंत्रावर मोजणी होते. काळ्या मातीच्या चकत्या करून लिब्सने तेच आकडे थेट मिळवता येतील का?

कणगणित

मातीच्या प्रश्नाला जाणकार उत्तर देतीलच. मला हळदीच्या बाबतीत एक मुद्दा मांडायचा आहे, जो चकती कितीही उत्तम केली तरी सुटत नाही.

हळदीतील पोटॅशियम पेशीपेशींत मुरलेले असते. बाहेरून मिसळलेले लेड क्रोमेट तसे नसते. ते सुट्या कणांच्या रूपात असते, आणि लेझरच्या ठिपक्याखाली त्यातला एखादा कण सापडतो किंवा सापडत नाही. याचे गणित करून पाहू. लेड क्रोमेटमध्ये वजनाने ६४ टक्के शिसे आणि १६ टक्के क्रोमियम असते. शिसे १० पीपीएम (दशलक्ष भागांत १० भाग) असेल तर लेड क्रोमेट सुमारे १५.६ पीपीएम होते. एका स्पंदाने १ मायक्रोग्रॅम पूड उडते असे धरले, तर तिच्यात लेड क्रोमेट १५.६ पिकोग्रॅम असेल. आता रंगद्रव्याचा कण ५ मायक्रोमीटर व्यासाचा गोल मानला तर त्याचे वजन सुमारे ४०० पिकोग्रॅम भरते. म्हणजे सरासरीने साधारण २५ स्पंदांत एकदाच कण सापडणार, आणि उरलेल्या स्पंदांत शिशाची रेषा नसणारच. तोच कण १ मायक्रोमीटरचा असेल तर त्याचे वजन १२५ पटींनी घटते आणि प्रत्येक स्पंदात सरासरी पाच कण येतात.

भेसळ उघड असेल, उदाहरणार्थ शिसे १००० पीपीएम, तर ५ मायक्रोमीटरचे कण असूनही प्रत्येक स्पंदात सरासरी चार कण सापडतात. पण चारच्या सरासरीत यादृच्छिक चढउतार दोनची असते, म्हणजे ५० टक्के. १०० स्पंदांची सरासरी घेतली की ती ५ टक्क्यांवर येते. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, एकाच खळग्यात १०० स्पंद मारण्यापेक्षा चकतीवर १०० वेगवेगळ्या जागी मारावेत. दुसरी, प्रत्येक स्पंदाचा वर्णपट स्वतंत्र साठवावा, यंत्रातच सरासरी काढून फेकू नये. शिसे मातीतून किंवा झाडातून शोषले जाऊन आले असेल तर सर्व स्पंदांत थोडे थोडे दिसेल. रंगद्रव्यातून आले असेल तर बहुतेक स्पंद रिकामे आणि काही स्पंद एकदम तीव्र असे चित्र मिळेल. हा फरक आम्लात विरघळवलेल्या नमुन्यात कधीच दिसत नाही, आणि माझ्या मते लिब्सचे खरे बळ येथे आहे.

हरिद्रा (धागाकर्ती)

कणगणित यांच्या हिशेबाने आमच्या निरीक्षणाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. आम्ही यंत्राला सरासरी काढण्याची सूचना देऊन ठेवली होती, ती आता काढून टाकतो.

पुढचे दोन प्रश्न विचारते. शिसे आणि क्रोमियमच्या नेमक्या कोणत्या रेषा वापराव्यात? आणि अन्न सुरक्षा नियमांत हळदीसाठी शिशाची मर्यादा १० पीपीएम आहे, तर या पद्धतीने त्या मर्यादेचा निवाडा करता येईल का?

प्रकाशरेषा

शिशासाठी ४०५.७८ नॅनोमीटरची रेषा घ्यावी. २८३.३१ ची रेषा थेट मूळ ऊर्जापातळीवर येऊन संपते, त्यामुळे प्लाझ्माच्या बाहेरच्या थंड थरातील शिशाचे अणू तो प्रकाश शोषतात आणि प्रमाण वाढले तरी तीव्रता त्या प्रमाणात वाढत नाही. ४०५.७८ मध्ये हा स्वयंशोषणाचा त्रास कमी आहे. तिच्या शेजारी ४०४.४१ आणि ४०४.७२ या पोटॅशियमच्या रेषा आहेत, आणि हळदीत पोटॅशियम मुबलक असते. आपल्या वर्णपटमापकाची विभेदनक्षमता ०.१ नॅनोमीटरच्या आसपास असेल तर त्या वेगळ्या दिसतील, परंतु पार्श्वभूमी मोजताना डावीकडचा बिंदू पोटॅशियमच्या उतारावर पडू देऊ नये. खात्रीसाठी ३६८.३५ ची रेषाही पाहावी. एका रेषेवरून मूलद्रव्य ठरवू नये, हा नियम येथे कसोशीने पाळावा.

क्रोमियमच्या ४२५.४३, ४२७.४८ आणि ४२८.९७ अशा तीन ठळक रेषा आहेत. त्यांतली तिसरी वापरू नये, कारण ४२८.९४ वर कॅल्शियमची रेषा तिच्यावर जवळजवळ बसते आणि खडूची पूड मिसळलेल्या हळदीत ती हमखास फसवते. दुसरीच्या डावीकडे ४२७.१८ वर लोखंडाची रेषा आहे. म्हणून ४२५.४३ ही सर्वांत सोयीची ठरते. वनस्पतिज नमुन्यांत प्लाझ्मातील कार्बन आणि हवेतील नायट्रोजन मिळून सायनोजेनचे पट्टे तयार होतात. त्यांतील एका गटाची कडा ४२१.६ वर येते आणि पट्टा तेथून कमी तरंगलांबीकडे पसरतो, त्यामुळे ४२५ सुदैवाने त्याच्या बाहेर राहते. कक्षात आर्गॉन वायू सोडता आला तर सायनोजेन घटते आणि रेषाही अधिक तीव्र होतात.

विश्लेषक

मर्यादेच्या निवाड्याबाबत स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण त्यावर कोणाचा तरी व्यवसाय आणि कोणाचे तरी आरोग्य अवलंबून आहे. एका स्पंदाच्या साध्या लिब्स मांडणीत, वनस्पतिज चकतीत, शिशाची शोधमर्यादा, म्हणजे ओळखता येणारे किमान प्रमाण, सामान्यतः काही दहा पीपीएमच्या पट्ट्यात राहते. १० पीपीएमची नियमातील मर्यादा तिच्याही खाली येते. तेव्हा 'नमुना नियमात बसतो' असे प्रमाणपत्र लिब्सच्या आधारे देऊ नये. नमुना आयसीपी-एमएसकडे पाठवायचा की नाही, हे ठरवण्यासाठी मात्र तिचा उत्तम उपयोग होईल. रंग खुलावा म्हणून लेड क्रोमेट मिसळले जाते तेव्हा शिसे मर्यादेच्या कित्येक पट जाते, आणि तेवढे लिब्सला दिसते. हेही लक्षात ठेवावे की हळद लेड क्रोमेटपासून मुक्त असावी ही स्वतंत्र अट आहे. त्यामुळे शिसे मर्यादेत आले तरी रंगद्रव्याचे कण सापडले तर त्या नमुन्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

अंशांकनासाठी, म्हणजे रेषेची तीव्रता आणि प्रमाण यांचे नाते ठरवण्यासाठी, आपल्याच परिसरातील खात्रीची, आयसीपी-एमएसवर तपासलेली शुद्ध हळद घ्यावी आणि तिच्यात वाढत्या प्रमाणात शिसे मिसळून मालिका करावी. पुष्कळजण लेड नायट्रेटचे द्रावण शिंपडून वाळवतात, कारण ते एकजीव होते. परंतु ज्या रूपात शिसे प्रत्यक्षात असते ते रूप, त्याच्या कणांचा आकार आणि भोवतालचा पदार्थ या सगळ्यांचा रेषेच्या तीव्रतेवर परिणाम होतो. यालाच मॅट्रिक्स परिणाम म्हणतात. नायट्रेटच्या मालिकेवरून क्रोमेटचे प्रमाण काढले तर उत्तर एका बाजूला कलण्याचा धोका राहतो. दोन्ही मालिका करून त्यांच्या उतारांची तुलना करावी, असा माझा आग्रह आहे. शिशाच्या तीव्रतेला कार्बनच्या २४७.८६ रेषेच्या तीव्रतेने भागले की स्पंदागणिक होणारी चढउतार बरीच आटोक्यात येते. तेथे लोखंडाचीही रेषा आहे, पण हळदीत कार्बन एवढा जास्त असतो की तिचा त्रास नगण्य ठरतो. मातीत मात्र तो नगण्य नसतो.

धातुशोध

एक परखड प्रश्न विचारतो. केवळ शिसे शोधायचे असेल तर हातात धरण्याचे एक्स-रे फ्लुओरेसन्स यंत्र का वापरू नये? बांगलादेशात हळदीतील लेड क्रोमेटचा प्रश्न उघड झाला तेव्हा बाजारांत याच यंत्रांनी तपासणी केली गेली, आणि २०१९ मध्ये ४७ टक्के नमुन्यांत आढळणारी भेसळ २०२१ पर्यंत शून्यावर आली. हलक्या, वनस्पतिज पदार्थात शिशाची शोधमर्यादा त्या यंत्रात लिब्सपेक्षा चांगली असते, आणि कप भरून ठेवला की चकतीचीही गरज पडत नाही.

विश्लेषक

धातुशोध यांचे म्हणणे रास्त आहे. फक्त शिसे, फक्त हळद आणि फक्त बाजारातील तपासणी एवढेच काम असेल तर मीही ते यंत्र निवडेन. लिब्सची बाजू दोन ठिकाणी वरचढ ठरते. सोडियम, मॅग्नेशियम यांसारखी हलकी मूलद्रव्ये हातातल्या एक्स-रे यंत्राला नीट दिसत नाहीत किंवा मुळीच दिसत नाहीत. लिब्समध्ये मॅग्नेशियमची २८५.२१ आणि सिलिकॉनची २८८.१६ ही रेषा अगदी ठळक असते, त्यामुळे शंखजिऱ्याची पूड मिसळली असेल तर दोन्ही एकत्र वाढतात. खडू असेल तर कॅल्शियम वाढते. तांदळाचे पीठ असेल तर पोटॅशियम घटते. एकाच स्पंदात हे सगळे मिळते. दुसरी बाजू कणगणित यांनी मांडलेली आहे. एक्स-रेचा ठिपका काही मिलिमीटरांचा असतो आणि तो सरासरीच देतो, कण वेगळे दाखवत नाही. मेटॅनिल यलोसारखे सेंद्रिय रंग मात्र दोन्ही पद्धतींच्या आवाक्याबाहेरचे आहेत, त्यांसाठी रासायनिक चाचणी किंवा क्रोमॅटोग्राफीच करावी लागेल.

मातीचा माणूस

मृदगंध यांचा प्रश्न मागे राहिला आहे. थोडक्यात उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण यंत्रात नसून प्रश्नात आहे. डीटीपीए पद्धत पिकाला उपलब्ध होऊ शकणारे जस्त मोजते, आणि तिथे ०.६ पीपीएमखाली जमीन जस्ताच्या कमतरतेची समजली जाते. लिब्स प्लाझ्मात मातीचा कणच फोडते, त्यामुळे खनिजात पक्के अडकलेले जस्तही मोजले जाते. ते एकूण प्रमाण काही दहा पीपीएमचे असते. चुनखडीयुक्त काळ्या मातीत एकूण जस्त पुरेसे असूनही पिकाला ते मिळत नाही, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव आहे. एकूण आकड्यावरून खताची शिफारस केली तर ती चुकेल. सामू आणि विद्युतवाहकता तर या तंत्राने मोजताच येत नाही.

मात्र एकूण कार्बन, कॅल्शियम, लोह, ॲल्युमिनियम, मातीतील शिसे आणि क्रोमियमचे प्रदूषण, किंवा गाळाच्या थरांची तुलना, या कामांना लिब्स उपयोगी पडते. काळ्या मातीची चकती चिकणमातीमुळे बंधकाशिवाय छान होते, पण ती हवेतला ओलावा भराभर ओढते, म्हणून वाळवणीपात्रात ठेवून लगेच मोजावी. कोकणातल्या जांभ्याच्या भुकटीला थोडे सेल्युलोज घालावे लागते. तिच्यात लोखंड एवढे असते की वर्णपटाचा अतिनील भाग त्याच्या रेषांनी भरून जातो आणि फॉस्फरसच्या २५३.५६ आणि २५५.३३ या रेषा त्यांत लपतात.

चंद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरवरील लिब्सने २०२३ च्या ऑगस्टमध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक असल्याचे दाखवले, तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांत या तंत्राविषयी मोठे कुतूहल निर्माण झाले. तिथे ना चकती, ना चाळणी. पण तिथला प्रश्न 'आहे का' असा होता. आपला प्रश्न 'किती आहे' असा असल्यामुळे आपल्याला चाळणीची गरज लागते.

मृदगंध

मनापासून आभार. म्हणजे आमच्या केंद्रात जुनी पद्धतच चालू ठेवायची, आणि प्रदूषित जमिनींच्या सर्वेक्षणासाठी लिब्सचा स्वतंत्र विचार करायचा, असे मी समजतो.

प्रयोगवही

कोणी उल्लेख केला नाही म्हणून प्रमाणित नमुन्यांविना होणाऱ्या अंशांकनाचा पर्याय पुढे ठेवतो. इटलीतील पिसा येथील गटाने १९९९ मध्ये कॅलिब्रेशन-फ्री लिब्सची पद्धत मांडली. तीत प्रमाणित नमुन्यांची मालिका लागत नाही. अनेक रेषांच्या तीव्रतांवरून प्लाझ्माचे तापमान काढतात, रेषेच्या रुंदीवरून इलेक्ट्रॉनांची घनता काढतात आणि सर्व मूलद्रव्यांची बेरीज १०० टक्के धरून प्रमाणे काढतात. हरिद्रा यांनी हे करून पाहावे का?

प्रकाशरेषा

हळदीसाठी करू नये, असे मला वाटते. बेरीज १०० धरायची तर कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन नीट मोजावे लागतात, आणि हवेत केलेल्या प्रयोगात त्यांतले ऑक्सिजन व नायट्रोजन मुख्यतः हवेचेच असतात. मुख्य घटकांतच अशी अनिश्चितता असताना पीपीएममधल्या शिशाचा आकडा त्यावरून काढणे धाडसाचे होईल. खडक आणि मातीत सर्व मूलद्रव्ये ऑक्साइडच्या रूपात आहेत असे गृहीत धरून ही अडचण बरीच टळते, म्हणून तिथे ती पद्धत अधिक शोभते.

चाळणी२००

सुरक्षेबद्दल कोणी लिहिले नाही, ते लिहिणे अगत्याचे आहे. १०६४ नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना दिसत नाही आणि चकतीवरून विखुरलेला प्रकाशही दृष्टिपटल जाळू शकतो. त्या तरंगलांबीचाच चष्मा सर्वांनी वापरावा, आणि नमुना बंद कक्षात ठेवून कक्षाचे दार उघडले की लेझर आपोआप थांबेल अशी कळ बसवून घ्यावी. अंशांकनाची मालिका करताना हाताळले जाणारे लेड क्रोमेट शिसे आणि सहासंयुजी क्रोमियम दोन्हींमुळे घातक आहे. ते धुराच्या कपाटातच तोलावे, त्याचा खल अन्नाच्या नमुन्यांसाठी पुन्हा वापरू नये, आणि प्लाझ्मातून निघणारी सूक्ष्म वाफ गाळणी लावलेल्या शोषणाने बाहेर काढावी. महाविद्यालयातील विद्यार्थी मदतीला असतील तर ही काळजी दुपटीने घ्यावी.

हरिद्रा (धागाकर्ती)

सर्वांच्या उत्तरांवरून आम्ही कामाची दिशा ठरवली आहे. चौथाईने नमुना कमी करून, ६० अंशांवर वाळवून, अगेटच्या खलात दळून चकत्या करणार आहोत. प्रत्येक चकतीवर जाळीसारख्या आखणीने वेगवेगळ्या जागी स्पंद देऊन सर्व वर्णपट स्वतंत्र साठवू. शंका आली तो प्रत्येक नमुना, आणि शंका नसलेल्यांतलेही काही, आयसीपी-एमएसला पाठवून पडताळणी करू. निकालपत्रावर 'प्राथमिक छाननी' असा शब्द ठेवण्याचे व्यवस्थापनाने मान्य केले आहे.

एक शंका उरते. गिरण्यांत हळद पोलादी यंत्रांत दळली जाते. नमुन्यातले क्रोमियम गिरणीतून आले की रंगद्रव्यातून, हे कसे ओळखावे?

कणगणित

स्पंदांचे वर्णपट स्वतंत्र असल्यामुळे हे ओळखणे शक्य आहे. ज्या स्पंदांत क्रोमियम तीव्र दिसते तेवढेच वेगळे काढा आणि त्यांत सोबत काय आहे ते पाहा. गंजरोधक पोलादाचा कण असेल तर क्रोमियमबरोबर लोखंड आणि निकेल उसळलेले दिसेल, आणि शिसे नसेल. रंगद्रव्याचा कण असेल तर क्रोमियमबरोबर शिसे त्याच स्पंदात येईल. अंशांकनावरून काढलेल्या वजनांचे गुणोत्तर शिशाच्या बाजूने चारास एकच्या जवळपास असले पाहिजे. हे गुणोत्तर तीव्रतांचे नव्हे, वजनांचे आहे. दोन्ही मूलद्रव्यांच्या रेषांची संवेदनशीलता अगदी वेगळी असते. शिसे वारंवार दिसते पण क्रोमियम कधीच सोबत येत नाही, असे आढळले तर ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि टायटेनियम पाहावे. ती सोबत असतील तर ते शिसे शेतातल्या मातीबरोबर किंवा वाळवणीच्या अंगणातल्या धुळीबरोबर आले असण्याची शक्यता तपासावी लागेल, आणि मग व्यापाऱ्याला विचारायचा प्रश्नही वेगळा असेल.